यादीतला नंबर करारात नको

२०१३ च्या जूनमध्ये अमेरिकन बेसबॉलच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये पहिल्या निवडीचा मान ह्यूस्टन ॲस्ट्रोज या संघाकडे होता. देशभरातल्या हौशी खेळाडूंपैकी हवा तो उचला, अशी मुभा. त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मार्क ॲपेल उचलला. दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला घेतलं. न्यू यॉर्क यांकीजच्या वाट्याला पहिल्या फेरीत तीन निवडी आल्या होत्या. २६ व्या क्रमांकावर त्यांनी एरिक जॅगिलो घेतला, ३२ व्यावर ॲरन जज आणि लगेच ३३ व्यावर इयन क्लार्किन.

जॅगिलो आणि क्लार्किन मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीच्या, मैदानावर कधी उतरलेच नाहीत. ॲपेल २०१८ मध्ये कंटाळून खेळ सोडून गेला, २०२१ मध्ये परतला, आणि २०२२ च्या जूनमध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमधला पहिला चेंडू टाकला. त्याच वर्षी जजनं ६२ होम रन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके, मारून अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) एकसष्ट वर्षांचा विक्रम मोडला.

यांकीजच्या स्काऊटांनी, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्यांनी, जजला पाहिलं होतं, जोखलं होतं, आणि तरीही त्यांना आधी जॅगिलो हवासा वाटला. ही बेपर्वाई नव्हती. एकवीस वर्षांचा मुलगा सत्ताविसाव्या वर्षी कसा खेळेल, हे ज्यांचं पोट त्यावर चालतं त्यांनाही खात्रीनं सांगता येत नाही. ड्राफ्टमध्ये कुणाला तरी आधी आणि कुणाला तरी नंतर घ्यावंच लागतं, तिथं क्रमाला इलाज नाही. माझा आक्षेप त्यानंतर सुरू होणाऱ्या क्रमवारीला आहे. दर हिवाळ्यात प्रत्येक संघाच्या फार्म सिस्टीममधल्या (हाताखालच्या संघांतल्या) तीस होतकरू पोरांना, म्हणजे प्रॉस्पेक्ट्सना, एक ते तीस असे नंबर दिले जातात आणि साऱ्या संघांतल्या निवडक शंभरांना एक ते शंभर. चाहत्यांच्या चर्चेसाठी सुरू झालेले हे नंबर आता संधी, पैसा आणि थेट संघमालक व खेळाडूंची संघटना यांच्यातल्या कामगार करारातल्या कलमापर्यंत पोचले आहेत. करारातून ते काढून टाकले पाहिजेत. आणि जे हे नंबर देतात त्यांनी देण्याची रीतही बदलली पाहिजे.

ज्यांचा या खेळाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली चार गावांत चार मायनर लीग संघ असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्याखाली फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात सराव केंद्रावरचा नवशिक्यांचा संघ, आणि त्याही खाली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे संघ. २०२१ मध्ये मेजर लीगनं या सगळ्याची फेररचना केली. त्यात १६० संघांचे १२० झाले आणि चाळीसेक गावांचा मेजर लीगशी असलेला धागा तुटला. २०२४ पासून एका संघाला अमेरिकेत जास्तीत जास्त १६५ मायनर लीग खेळाडू ठेवता येतात. म्हणजे तीस जणांची यादी लागते तेव्हा सुमारे १३५ जण तिच्या बाहेर असतात. यादीतल्यांना रोज कुणाच्या तरी विरुद्ध आणि कुणाच्या तरी बरोबर खेळावं लागतं, म्हणून ते १३५ जण लागतात. मायनर लीगमध्ये हे सगळे जाणतात, फक्त मोठ्यानं कुणी बोलत नाही.

ही व्यवस्था ब्रँच रिकी या कर्तबगार माणसानं १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्ससाठी उभी केली. श्रीमंत संघांसारखे तयार खेळाडू विकत घेणं परवडत नव्हतं, तेव्हा त्यानं लहान गावांतले संघच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. पुढं त्या एका संघाच्या कब्जात तिसाहून अधिक मायनर लीग संघ आले. शेकडो पोरं एका मालकाच्या दावणीला बांधली गेली. वर जागा नाही आणि दुसरीकडे जायची सोय नाही. १९३८ मध्ये बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी कार्डिनल्सच्या सत्तराहून अधिक खेळाडूंना मोकळं केलं, कारण त्यांना लपवून, अडवून ठेवलं गेलं होतं.

हा इतिहास इथं आणतो तो याद्यांच्या बाजूनं. त्या काळी दूरच्या गावात कोण चांगला खेळतो हे फक्त मालकाला ठाऊक असायचं. १९८१ मध्ये ॲलन सिम्प्सन यांनी कॅनडातून ‘बेसबॉल अमेरिका’ हे नियतकालिक सुरू केलं, १९९० पासून त्यात देशातल्या पहिल्या शंभर प्रॉस्पेक्ट्सची यादी येऊ लागली, आणि मायनर लीगवर पहिल्यांदा सातत्यानं उजेड पडला. याद्या करणाऱ्यांचे कष्ट मी जवळून वाचत आलो आहे. एप्रिलच्या गारठ्यात रिकाम्या मैदानांवर बसणं, बसप्रवास, शेकडो फोन. त्यांच्यामुळेच माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला हा खेळ खालपासून वरपर्यंत कळला. म्हणून याद्या बंद करा, असं मी म्हणणार नाही.

मग अडचण कुठं आहे? नंबर कसा पडतो ते पाहू. स्काऊट २० ते ८० या मापानं मोजतात. मेजर लीगमधला सरासरी खेळाडू म्हणजे ५०. बॅटनं चेंडू गाठणं, फटक्यातली ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि हाताची फेक, अशा पाच गोष्टींना वेगवेगळे गुण. त्यांतला वेग घड्याळावर मोजता येतो. फेक आणि ताकद आता यंत्रांवर बऱ्यापैकी मोजता येतात. पण सगळ्यात महत्त्वाचं जे, म्हणजे उत्तम पिचरच्या फिरत्या चेंडूवर बॅट वेळेवर पोचते की नाही, ते वरच्या पायरीवर गेल्याशिवाय कळत नाही. त्यात अल्बुकर्कीसारख्या ५,००० फुटांवरच्या मैदानात चेंडू विरळ हवेत लांब जातो, आणि ईशान्येकडे एप्रिलमध्ये हात गारठतात. याद्यांसाठी माहिती देणारे बरेचसे लोक संघांचेच असतात आणि आपल्या मालाचा भाव चढा राहावा हे त्यांच्या हिताचं असतं.

एवढं सगळं गोळा करून शेवटी एका रांगेत लावायचं. समजा, एका संघाच्या यादीत सातव्या नंबरवर डॉमिनिकन केंद्रावरचा सतरा वर्षांचा शॉर्टस्टॉप (आतल्या मैदानातला क्षेत्ररक्षक) आहे. अंगानं लवचिक, मनगट जोरदार, अजून मोठ्या स्टेडियममध्ये एकही सामना न खेळलेला. तो एक दिवस तारा होईल किंवा सिंगल-एच्या पुढं जाणारच नाही. आठव्या नंबरवर ट्रिपल-एमधला चोवीस वर्षांचा कॅचर (यष्टीरक्षकासारखा) आहे. तो पुढच्या महिन्यात वर गेला तर आठवड्यातून दोन सामने नीट सांभाळेल, पण त्यापलीकडे फारसं काही नाही. या दोघांत सातवा कोण आणि आठवा कोण? एक स्वप्नाची किंमत आहे, दुसरी भरवशाची. यादी करणारा त्या दिवशी कशाला वजन देतो त्यावर नंबर ठरतो, आणि वाचणाऱ्याला मात्र सातवा आठव्यापेक्षा चांगला खेळतो असंच वाटतं.

आपल्याकडे दहावी-बारावीची गुणवत्ता यादी असायची. बोर्डात पहिला आणि बोर्डात अकरावा यांच्यात दोन-चार गुणांचं अंतर, पण गावच्या कमानीवर फोटो कुणाचा लागायचा हे त्यावर ठरायचं. अखेर मंडळानं ती यादी जाहीर करणं थांबवलं. तिथं निदान सगळ्यांनी एकच प्रश्नपत्रिका सोडवलेली असायची. इथं वय, पातळी, देश, हवामान, सगळंच वेगळं. ‘फॅनग्राफ्स’सारख्या बेसबॉलच्या संकेतस्थळांवर प्रत्येकाला भविष्याचा अंदाज म्हणून एक गुणांकही देतात. ५० म्हणजे नियमित खेळणारा सरासरी खेळाडू, ४० म्हणजे राखीव बाकावरचा. एखाद्या संघाची यादी उघडली की डझनभर नावं त्याच ४० च्या घरात सापडतात. म्हणजे यादी करणाऱ्यालाच ठाऊक असतं की बाराव्या आणि बाविसाव्यात सांगण्यासारखा फरक नाही, आणि तरीही नंबर बारा आणि बावीस असेच छापले जातात.

जजचंच पाहा. २०१७ चा हंगाम सुरू होताना यांकीजच्या फार्म सिस्टीममध्ये त्याच्या वर ग्लेबर टोरेस आणि क्लिंट फ्रेझर होते. आदल्या वर्षी जज थोडे दिवस वर जाऊन आला होता. ८४ वेळा बॅटिंग करून ४२ वेळा स्ट्राइकआऊट, म्हणजे चेंडू न गाठताच बाद. ‘बेसबॉल अमेरिका’च्या पहिल्या शंभरांत त्याला शेपटाकडची जागा मिळाली. त्या हंगामात त्यानं ५२ होम रन मारले आणि वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तोही एकमतानं. याद्या करणाऱ्यांना दोष देण्याचं कारण नाही. ४२ स्ट्राइकआऊट डोळ्यांसमोर असताना मीही त्याला वर ठेवला नसता. पण ‘याच्यात दोन टोकं आहेत, एक फार उंच आणि एक फार खाली’ हे वाक्य खरं होतं आणि नंबरमध्ये त्याला जागाच नव्हती.

मी मध्य न्यू जर्सीत राहतो. ब्रिजवॉटर स्टेशनला लागूनच सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे. २०२१ पासून हा यांकीजचा डबल-ए संघ. एडिसन, पिस्कॅटवे, ब्रिजवॉटर या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आणि आमची मुलं गणेशोत्सवाइतक्याच उत्साहानं लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळतात. उन्हाळ्यात रविवारी दुपारी चार-पाच कुटुंबं मिळून आम्ही तिथं जातो. तिकीट परवडतं, आणि खेळाडू हातभर अंतरावर दिसतात.

सामन्याआधी डगआऊटजवळच्या (खेळाडूंच्या बाकांजवळच्या) कठड्याला मुलं लोंबकळत असतात, हातात चेंडू आणि निळी पेनं. त्यांच्यात मोठी माणसंही असतात. जाडजूड फाइल, प्लॅस्टिकच्या कप्प्यांत खेळाडूंची चित्रं असलेली बोमन ब्रँडची कार्डं, नंबरानुसार लावलेली. यादीत वर असलेल्या पोराचं सही केलेलं पहिलं कार्ड म्हणजे गुंतवणूक. शेजाऱ्यांचा अकरा वर्षांचा मुलगा यांकीजच्या तीस जणांची यादी छापून घेऊन आला होता. एक उंच पिचर सरावाहून परतताना कठड्यापाशी थांबला, स्वतःहून हात पुढं केला. मुलानं त्याच्या पाठीवरचा आकडा पाहिला, कागदावर बोट फिरवलं आणि चेंडू खाली घेतला. मला म्हणाला, “काका, हा लिस्टमध्ये नाहीये.” पिचरला मराठी कळण्याचं कारण नव्हतं, पण बोट कशावरून फिरलं ते त्यानं पाहिलं. मान हलवून तो आत गेला. मुलाचा काही दोष नाही, त्याला जे शिकवलं गेलं ते तो करत होता.

त्याच मैदानावर २०२३ मध्ये बेन राइस खेळून गेला. डार्टमथ कॉलेजचा हा मुलगा. करोनामुळं त्याच्या कॉलेजचे दोन हंगाम बुडाले, आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये यांकीजनी त्याला थेट बाराव्या फेरीत घेतलं. २०२४ च्या हंगामाआधी देशातल्या पहिल्या शंभरांच्या मोठ्या याद्यांत त्याचं नाव नव्हतं. त्या जुलैमध्ये बोस्टनविरुद्ध एका सामन्यात त्यानं तीन होम रन मारले. यांकीजच्या कुठल्याही नवोदितानं तोवर असं केलेलं नव्हतं. त्याच्या मागून सातव्या फेरीतला पिचर कॅम श्लिटलर आला. २०२५ च्या वसंतात शंभरांत त्याचा पत्ता नव्हता, आणि ऑक्टोबरमध्ये बोस्टनलाच घरी पाठवणाऱ्या निर्णायक सामन्यात त्यानं आठ इनिंग्ज (डाव) एकही धाव न देता १२ जणांना स्ट्राइकआऊट केलं.

आता उलट बाजू. डॉमिनिकन रिपब्लिकचा जेसन डोमिंगेझ सोळाव्या वर्षी ५१ लाख डॉलरला यांकीजकडे आला. २०१९ ची गोष्ट. २०२० चा मायनर लीग हंगाम करोनानं रद्द झाला. एकही व्यावसायिक सामना न खेळता तो देशातल्या पहिल्या शंभरांत पोचला होता आणि लोक त्याची तुलना मिकी मँटलशी करत होते. मँटल हे यांकीजचं दैवत! अठरा वर्षांच्या पोरानं हे ओझं घेऊन टॅम्पाच्या उन्हात पहिला सामना कसा खेळायचा? तो आला, घसरला, सावरला, सॉमरसेटला चांगला खेळला, आणि १ सप्टेंबर २०२३ ला ह्यूस्टनमध्ये मेजर लीगच्या पहिल्याच संधीला नावाजलेल्या जस्टिन व्हर्लँडरच्या चेंडूवर होम रन मारला. दहा दिवसांत कोपराचं अस्थिबंध फाटलं. यातलं काय नंबरनं आधी सांगितलं होतं? मधल्या वर्षांत तो यादीत खाली सरकला तेव्हा ‘फसवा निघाला’ असं लिहिणारे पुष्कळ होते, आणि तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

होसे अल्तुवेची गोष्ट याच्या अगदी उलटी. व्हेनेझुएलातल्या निवड शिबिरातून त्याला बुटका म्हणून परत पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. ॲस्ट्रोजनी त्याला १५,००० डॉलर दिले. २०१७ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अल्तुवे टिकला कारण त्याला थोड्या संधीत फार काही करून दाखवता आलं. माझी चिंता त्यांची आहे ज्यांना थोड्या संधीत मध्यमसं काही करता आलं. ज्याच्यावर लाखो डॉलर खर्च झालेत आणि ज्याचा नंबर तिसरा आहे, त्याला दोन वाईट वर्षं माफ असतात. प्रशिक्षक त्याच्यासोबत बसतात, जागा राखली जाते. ज्याला नंबर नाही त्याचा एक वाईट महिना पुरतो. मग पाच वर्षांनी हिशेब मांडला की वरच्या नंबरचे जास्त यशस्वी झालेले दिसतात आणि यादी बरोबर ठरते. यातलं किती पारखीचं आणि किती नंबरनंच मिळवून दिलेल्या संधीचं, ते वेगळं काढता येत नाही.

आणि खाली राहणं म्हणजे काय, हे पैशात पाहावं. २०२२ पर्यंत सिंगल-एचा खेळाडू वर्षाला जेमतेम ११,००० डॉलर मिळवायचा. त्या सप्टेंबरात मायनर लीगचे खेळाडू मेजर लीग खेळाडूंच्याच संघटनेत आले आणि २०२३ च्या पहिल्या करारानं हा आकडा २६,२०० झाला, ट्रिपल-एचा ३५,८००. मेजर लीगमध्ये सगळ्यात कमी पगार २०२६ साली ७,८०,००० डॉलर आहे. ट्रिपल-एचं शेवटचं दार आणि त्यापलीकडची खोली यांत एवढं अंतर असेल, तर ते दार कुणासाठी आधी उघडतं हा प्रश्न चाहत्यांच्या करमणुकीपुरता राहत नाही.

इथं करारातलं कलम येतं. २०१५ मध्ये क्रिस ब्रायंट ‘बेसबॉल अमेरिका’च्या यादीत पहिल्या नंबरचा प्रॉस्पेक्ट होता. सराव सामन्यांत तो तुफान खेळला, तरी कब्जनी त्याला हंगामाच्या सुरुवातीला खाली ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. नियमानं १७२ दिवसांचं एक सेवावर्ष होतं, आणि ठरावीक सेवावर्षं भरली की खेळाडू दुसरीकडे जायला मोकळा होतो. ब्रायंटचे भरले १७१. एका दिवसानं संघाला त्याच्यावरचा हक्क आणखी एक वर्ष मिळाला. त्यानं दाद मागितली आणि तो २०२० मध्ये हरला. या प्रकाराला आळा घालायला २०२२ च्या करारात एक बक्षीस ठेवलं गेलं: नवोदिताला पहिल्यापासून वर ठेवा, तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला, किंवा पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या पुरस्कारांच्या मतदानात पहिल्या तिघांत आला, तर संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळेल. हेतू उत्तम. सिॲटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळं आणि बाल्टिमोरला गनर हेंडरसनमुळं अशी निवड मिळाली.

पण अट पाहा. तो खेळाडू ‘बेसबॉल अमेरिका’, ‘ईएसपीएन’ आणि मेजर लीगचं स्वतःचं संकेतस्थळ या तिघांपैकी निदान दोघांच्या पहिल्या शंभरांत हवा. म्हणजे दोन पत्रकारांनी कुणाला ९८ वा आणि कुणाला १०४ था ठरवलं, त्यावर एका संघाची ड्राफ्टमधली निवड लटकते. मार्चच्या शेवटी संघाकडं एक जागा आहे आणि दोन सारख्या ताकदीचे नवोदित आहेत. एक यादीत, एक बाहेर. यादीतला वर ठेवला तर बक्षिसाची शक्यता, बाहेरचा ठेवला तर काहीच नाही. व्यवस्थापक काय करेल? ज्या कलमानं खेळाडूला अन्यायानं खाली ठेवण्याचा मोह काढून घ्यायचा होता, ते यादीबाहेरच्या खेळाडूला खाली ठेवण्याचं नवं कारण हाती देतं. शिवाय तिसरी यादी मेजर लीगच्याच संकेतस्थळाची. करारातला एक पक्ष पात्रता ठरवणाऱ्या यादीचाही मालक आहे. तिथं काम करणाऱ्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही, पण अशी रचना दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या कामगार संघटनेनं मान्य केली नसती.

उपाय अवघड नाही. पहिल्या दिवसापासून वर ठेवलेला कुठलाही नवोदित सर्वोत्तम ठरला तर संघाला बक्षीस द्या, यादीत असो वा नसो. मैदानावर जे केलं तेवढंच धरा. कुणी म्हणेल, मग संघ बक्षिसापोटी वाट्टेल त्याला वर ठेवतील. ठेवू देत. २६ जणांच्या चमूत एक जागा अडवून संपूर्ण हंगाम कमकुवत खेळाडू बाळगण्याइतका वेडा संघ मला तरी दिसत नाही.

ब्रायंटच्या प्रकरणात याद्यांच्या बाजूचा एक मुद्दा आहे आणि तो वजनदार आहे. तो पहिल्या नंबरवर होता म्हणूनच त्याला खाली ठेवल्याचा बोभाटा झाला. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही त्याच्यावर झालेला अन्याय दिसतसुद्धा नाही. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मला याद्या हव्यात, आणखी लांब हव्यात, खालच्या पोरांचीही नीट नोंद करणाऱ्या हव्यात. फक्त त्या पायऱ्यांत लावलेल्या असाव्यात. हे चार जण वर जाऊन नियमित खेळतील असं वाटतं, हे नऊ जण कदाचित, हे पंधरा जण बाकावर किंवा दुखापतीच्या वेळी उपयोगी. आणि प्रत्येकापुढं शक्यतेचं वरचं टोक कुठं, खालचं कुठं. पायरीच्या आत नावं आडनावाच्या क्रमानं लावावीत. यावर जाणकार म्हणतात की नंबर द्यायची सक्ती असली की माणूस नीट विचार करतो, पायरीत मत लपवता येतं. त्यात तथ्य आहे. त्यावर तोड एकच. प्रत्येकानं आपली पाच वर्षांपूर्वीची यादी दर हिवाळ्यात नव्या यादीशेजारी छापावी, कोण कुठं पोचला, आपण कुठं चुकलो आणि का, यासकट. काही लेखक हे अधूनमधून करतात. सगळ्यांनी दरवर्षी, एकही नाव न गाळता करावं. मत लपवायला मग जागा उरत नाही.

हे लवकर व्हायला हवं, कारण नंबर खाली खाली झिरपतोय. ‘परफेक्ट गेम’सारख्या संस्था शाळकरी मुलांची पदवीच्या वर्षानुसार देशव्यापी क्रमवारी लावतात. आमच्या भागातले मराठी आईबाप हल्ली चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन शनिवार-रविवार दुसऱ्या राज्यांत शोकेस स्पर्धांना, म्हणजे पारखणाऱ्यांसमोर खेळ दाखवायला, जातात, हॉटेल आणि फी भरतात, आणि परतीच्या गाडीत नंबर बदलला का ते पाहतात. याच न्यू जर्सीतला, मिलव्हिल गावचा माइक ट्राऊट २००९ च्या ड्राफ्टमध्ये २५ वा निवडला गेला. थंडीच्या राज्यात मुलं वर्षातले थोडेच महिने खेळतात, तेव्हा इथल्या पोरांचा भरवसा धरायला स्काऊट कचरायचे. दोन वर्षांत याद्यांनी ती चूक सुधारून त्याला देशात दुसऱ्या नंबरवर नेलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण ट्राऊटला व्यावसायिक मैदानावर ती दोन वर्षं मिळाली. चौदाव्या वर्षी नंबर घसरला म्हणून ज्या मुलाला घरच्यांनीच खेळातून काढलं, त्याच्याबाबतीत चूक सुधारायला कुणी उरत नाही.

आपल्याकडचे दोघंही या व्यवस्थेतून गेले आहेत. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. बेसबॉल तोवर त्यांनी हातात धरला नव्हता. पटेल लवकर परतला. सिंह काही हंगाम टिकला, सिंगल-एपर्यंत चढला. दुखापत झाली नसती तर आणखी किती चढला असता, कोण जाणे. क्रमवारीच्या हिशेबात ते कुठंच बसत नव्हते, पण विशीच्या उंबरठ्यावर नवा खेळ शिकून अमेरिकन मुलांना बाद करणारा डावखुरा पिचर कुठल्या रकान्यात घालायचा होता?

सध्याचा मेजर लीग करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. पगाराची कमाल मर्यादा असावी की नाही यावर सगळी लढाई होईल, आणि या छोट्या कलमाकडं कुणाचं लक्ष जाणार नाही अशी मला भीती वाटते. जी संघटना मालकांसमोर बसेल तिच्यात आता मेजर लीगचे बाराशे खेळाडू आहेत आणि मायनर लीगचे पाच हजारांहून अधिक. त्या पाच हजारांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याही यादीत नाहीत. वर्गणी तेही भरतात. कलमातून याद्यांची अट काढा ही मागणी संघटनेनं पहिल्या मसुद्यातच घातली पाहिजे, आणि दरवर्षी याद्या छापणाऱ्या तिन्ही ठिकाणच्या संपादकांनी, आमची मतं पात्रतेचा निकष म्हणून वापरू नका, असं आपणहून लेखी कळवलं पाहिजे.